दोर आण

सकाळी सव्वानऊला फोनवर शाळा भरते.
स्टॅनलीहून मिस पेनगेलींचा आवाज येतो,
वाऱ्याने खाऊन उरेल तेवढा.
वीस मिनिटं. मग दिवसभर मीच.

मागे पंधरा दिवस त्या आमच्याकडे राहिल्या,
लहानग्या विमानातून उतरल्या, तशाच चढून गेल्या.
आता येतील त्या लोकर कातरून झाल्यावर.
तोवर टेबलाच्या एका टोकाला पाईचं पीठ,
दुसऱ्या टोकाला फर्गस,
आणि मधे बी आणि डी.

एकाचं पोट उजवीकडे, एकाचं डावीकडे.
एवढंच तर आहे.
शंभरदा सांगितलं असेल मी,
त्यातलं शेवटचं वीसदा
शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.
शेजारी चौदा मैलांवर आहेत.

पोर पेन्सिल चावतं, खिडकीबाहेर बघतं.
"आई, हालकेटांची मेंढी आपल्यात घुसलीय."
पाव मैलावरून!
कशावरून? तर खाच डाव्या कानाला आहे.

"मेंढीचा डावा कान कळतो,
आणि अक्षराचं पोट नाही कळत तुला?"
तो म्हणाला, "मेंढीला तोंड असतं.
अक्षर कुठे बघतंय, तेच समजत नाही."

यावर काय बोलणार?
त्या रात्री मी चुलीतली पीटची राख
भाजायच्या ट्रेमध्ये पसरली.
त्याने बोटाने बी काढला, त्याला डोळा काढला,
मग चार पाय, मग शेपूट.
मर्डो मोजे वाळवत मागे उभा होता.
मोजे कधीच वाळले होते.

मग गठ्ठे बांधायचा आठवडा आला.
शेडमध्ये मी एकटीच, हातात पत्र्याचा तो साचा,
ज्याने आमच्या फार्मचं नाव लोकरीवर छापतात.
एका कडेला खाच होती, कानशीने घासून पाडलेली,
बोट लावताच कळावी अशी.
वरची बाजू कुठली, त्याची खूण.

कोणाला लागते अशी खूण?

अकरा वर्षं संसार केला मी या माणसाशी.
चष्मा शेडमध्ये राहिला.
हात चिखलाचे आहेत.
तूच वाच ना, तुझा आवाज बरा आहे.
मी वाचत आले. बँकेची पत्रं, औषधाच्या बाटल्या,
त्याच्या आईचं शेवटचं पत्रसुद्धा.
आवाज बरा आहे म्हणून.

साचा मी होता तसा ठेवला, खाच वर करून.
दुसऱ्या दिवशी राख दुप्पट पसरली
आणि म्हटलं, "मर्डो, मला कामं पडलीत,
जरा बसतोस का याच्याजवळ?"
पाठ करून बटाटे सोलत राहिले.
आठवडाभर पुरतील इतके बटाटे सोलले मी.
मागून फर्गसचा आवाज,
अगदी माझ्यासारखा चढलेला:
"अहो बाबा, तोंड तिकडे!"
आणि मग बराच वेळ
राखेवर फिरणाऱ्या जाड बोटाची खसखस.

तीन महिने यावर कोणी काही बोललं नाही.
मिस पेनगेली आल्या, फर्गसला शाबासकी देऊन गेल्या.
बी अजून कधीकधी फिरतो, म्हणाल्या,
घाई नको. मी म्हटलं, नाही करत.

जूनमधल्या एका दुपारी, वीज जाऊन-येऊन,
मी कपडे काढून घरात आले,
तर चहाच्या मगाखाली कागद.
अक्षरं मोठी, राखेत काढल्यासारखी.
फर्गसची नव्हेत.

मेंढी कुत्र्यात पडली. दोर आण.

दोनदा वाचलं.
बॉगमधल्या बीने तोंड फिरवलं होतं,
दलदलीचा कुत्रा झाला होता.
लाल पेन्सिल तिथेच होती, टोक केलेली.

मी दोर उचलला आणि पळत सुटले.
मर्डो कमरेपर्यंत चिखलात,
मेंढीचं डोकं काखेत धरून.
काठावर कुत्रा भुंकत होता,
धडधाकट, पोट रिकामं.